शिवणीतली माया

माझ्या मावशीच्या ब्लाउजांना दोन्ही बाजूंच्या शिवणीत भरपूर माया सोडलेली असते. टेलरला ते सांगावं लागत नाही. वीस वर्षं तोच तिचे कपडे शिवतोय. मागे एका लग्नाच्या आदल्या दिवशी तिने एक जुना ब्लाउज टीप उसवायला माझ्या हातात दिला. उलटा करून खिडकीपाशी धरला, तर आत शेजारी शेजारी चार टिपांच्या खुणा दिसल्या. दोन कधीच्या उसवलेल्या, त्यांची नुसती सुईची भोकं राहिलेली. एक वेगळ्याच रंगाच्या धाग्याची. एक अलीकडची, घट्ट. मावशी चष्मा कपाळावर सरकवत म्हणाली, “सगळ्यात आतली आहे ना, ती कोबीच्या सूपच्या वेळची. अकरा किलो उतरले होते तेव्हा.” त्याच्या बाहेरची जिमच्या वर्षाची. तिसरी बिल्डिंगमधल्या कुणीतरी विकलेल्या, दुधात कालवून प्यायच्या पावडरीची. दर वेळी वजन उतरलं, आणि दर वेळी वर्ष-दीड वर्षात एखाददुसरा किलो जास्तीचा घेऊन परत आलं.

“माझ्यातच जिद्द नाही,” ती म्हणते. तिला असं वाटायला लावणारे पुष्कळ भेटले. एका डॉक्टरांनी रक्तदाब मोजता मोजता ‘तोंडाला कुलूप लावा’ एवढाच सल्ला दिला होता आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं होतं. जी बाई तीन-तीनदा एवढं वजन उतरवून दाखवते तिच्यात जिद्द नाही, हे मला मुळीच पटत नाही.

लठ्ठपणावरच्या उपायांची जाहिरात नेहमी उतरलेल्या किलोंची असते. इतक्या दिवसांत इतके, आधीचा फोटो, नंतरचा फोटो. दोन वर्षांनंतरचा फोटो कुणी लावत नाही. म्हणून कुठलाही उपाय समोर आला की मी एकच गोष्ट आधी बघतो, दुसऱ्या वर्षी त्याचं काय होतं.

वजन परत का येतं, याचं उत्तर गेल्या तीस वर्षांत बरंच उलगडलं आहे. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जातीच्या लठ्ठ उंदरांमधला बिघडलेला जनुक शोधून काढला. हे उंदीर सतत खात राहत. त्यांच्या अंगात एक संप्रेरक तयारच होत नव्हतं. त्याचं नाव लेप्टिन. गंमत अशी की ते चरबीच्या पेशींतूनच निघतं. कणगीत धान्य किती उरलंय, याची खबर चरबी मेंदूला देत असते. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू त्याचा अर्थ दुष्काळ असा घेतो. मग भूक वाढते आणि शरीर खर्चाला हात आखडतं. लेप्टिन टोचलं की लठ्ठपणा संपला, असं तेव्हा अनेकांना वाटलं होतं. पण बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच मुबलक असतं, मेंदू त्याला दाद देत नाही. जन्मतः लेप्टिन नसलेल्या अगदी थोड्या मुलांना मात्र त्या इंजेक्शनांनी नवं आयुष्य मिळालं. १९९९ मध्ये जपानी संशोधकांना जठरातून निघणारं घ्रेलिन सापडलं. ते उलट्या बाजूचं, भूक चाळवणारं.

ऑस्ट्रेलियात मेलबर्नला ५० जणांना दहा आठवडे अगदी कमी कॅलरींचा आहार देऊन त्यांचं वजन सरासरी साडेतेरा किलोंनी उतरवलं गेलं. २०११ मध्ये त्याचे निष्कर्ष छापून आले. आहार संपून वर्ष उलटलं तरी त्या माणसांची भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेली आणि पोट भरल्याची जाणीव देणारी उतरलेलीच होती. म्हणजे वर्षभर त्यांना आधीपेक्षा जास्त भूक लागत होती, आणि ती खरीच भूक होती. अमेरिकेत वजन उतरवण्याची स्पर्धा दाखवणाऱ्या एका टीव्ही कार्यक्रमातल्या १४ जणांना केव्हिन हॉल यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासलं. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरवलेल्या या माणसांचे ४१ किलो परत आले होते. त्याहून धक्कादायक म्हणजे, स्वस्थ बसलेल्या अवस्थेत त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं, सहा वर्षांनंतरही. मावशीच्या ब्लाउजच्या टिपा या अभ्यासाशेजारी ठेवल्या की मला तिची नव्हे, तिला दिलेल्या सल्ल्यांची चूक दिसते.

रक्तदाबाची गोळी चालू आहे आणि दाब नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद करायची नसते. केली आणि दाब चढला, तर पेशंटला कुणी आळशी म्हणत नाही. लठ्ठपणा याच जातीचा, वर्षानुवर्षं सांभाळायचा आजार आहे. तीन महिन्यांचं पॅकेज त्याला पुरत नाही.

आता, किती वजन म्हणजे जास्त? वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, बीएमआय, आज प्रत्येक तपासणीच्या कागदावर असतो. हे गणित मुळात वैद्यकातलं नाहीच. अडॉल्फ केतले या बेल्जियन गणितज्ञाने १९ व्या शतकात ‘सरासरी माणूस’ कसा असतो हे शोधताना ते मांडलं. १९७२ मध्ये अँसेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं. ते लोकसमूहासाठी ठीक आहे, एकेका माणसासाठी अपुरं आहे, आणि आपल्यासाठी तर फारच अपुरं. याचा सगळ्यात बोलका पुरावा पुण्यातून आला.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहाचे संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन हे दोघे मित्र. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो छापला गेला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण यंत्राने अंगातली चरबी मोजली, तर युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजन तेवढंच, चरबी दुपटीहून जास्त. याज्ञिकांच्या चमूने त्याआधीच पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या बाळंतिणींचा आणि बाळांचा अभ्यास केला होता. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोंची होती, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची साडेतीन किलोंची. आपली बाळं सगळ्याच बाबतींत लहान, स्नायूंनी तर फारच किरकोळ. पण पाठीच्या फऱ्याखालच्या त्वचेची चरबी मोजली तर ती जवळजवळ गोऱ्या बाळाइतकी टिकलेली. वरून काटकुळी, आतून चरबीची. हाडं-स्नायू कमी पडले तरी चरबीची शिदोरी घेऊनच आपण जन्माला येतो. ‘माझं वजन तर बेताचंच आहे, मग साखर कशी निघाली?’ असं विचारणारा माणूस आपल्या प्रत्येक घरात का असतो, ते यातून कळतं.

म्हणून भारतीयांसाठी रेषा अलीकडे ओढली आहे. जगात २५ ला जास्त वजन आणि ३० ला लठ्ठपणा म्हणतात. आपल्याकडे २३ आणि २५. त्याहून उपयोगी आहे साधी शिंप्याची टेप. पुरुषांचा पोटाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत हवा, बायकांचा ८० च्या. घेर कुठे मोजायचा, यात मात्र बहुतेक जण चुकतात. आपण पँट किंवा साडी जिथे बांधतो तिथे टेप धरतो, म्हणजे सुटलेल्या पोटाच्या खाली. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड बोटांनी चाचपायचं, दोन्हींच्या मधोमध टेप आडवी धरायची, श्वास सोडायचा आणि वाचायचं. पोट आत ओढायचं नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने देशभर केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बीएमआयप्रमाणे लठ्ठ निघाले २८.६ टक्के आणि पोटाच्या घेराप्रमाणे ३९.५ टक्के. टेपने जे पकडलं ते काट्याने सोडून दिलं होतं.

पोटातली चरबी एवढी मनावर घ्यायची, कारण ती यकृताच्या शेजारी आणि यकृताच्या आतही साठते. तिथून साखर, चरबी आणि रक्तदाब यांचं सगळंच गणित विस्कटतं. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने लठ्ठपणाची दोन गटांत विभागणी सुचवली. चरबी जास्त आहे पण अवयवांचं काम नीट चालू आहे तो एक गट. आणि जिथे गुडघे, श्वास, हृदय, यकृत यांना झळ पोचली आहे तो दुसरा. पहिल्यावर लक्ष ठेवायचं, दुसऱ्यावर उपचार करायचे. एकाच काट्याने सगळ्यांना हाकण्यापेक्षा हे मला जास्त माणुसकीचं वाटतं.

मावशीची उंची १५५ सेंटिमीटर आणि वजन होतं ७८. बीएमआय साडेबत्तीसच्या आसपास. तक्त्याप्रमाणे ती ‘नॉर्मल’ व्हायची तर ५५ किलोंवर यायला हवी. हा ५५ चा आकडा तिने वीस वर्षं फ्रिजच्या दारावर चिकटवून ठेवला होता. तो गाठायचा म्हणून ती जीव काढायची, आणि ६७ वर अडकली की निराश होऊन सगळं सोडून द्यायची. तिला कुणी सांगितलंच नव्हतं की वजनाच्या पाच ते दहा टक्के घट टिकवली तरी रक्तदाब, साखर, यकृतातली चरबी, गुडघेदुखी, सगळ्यांत फरक पडतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या तीन हजारांवर अमेरिकनांच्या अभ्यासात सात टक्के वजन घटवण्याचं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालण्याचं उद्दिष्ट दिलं होतं. तेवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी भारतात ५३१ जणांवर तसाच प्रयोग केला, तेव्हा प्रमाण २८.५ टक्क्यांनी उतरलं. आणि विशेष म्हणजे त्या माणसांचं वजन फारसं घटलंच नव्हतं. खाणं सुधारलं, चालणं वाढलं, काटा जागेवर राहिला, तरी मधुमेह लांबला. काटा हलत नाही म्हणून चालणं सोडणाऱ्या प्रत्येकाला मला हे ओरडून सांगावंसं वाटतं.

ज्यांना नुकताच मधुमेह निघाला आहे त्यांच्यासाठी मात्र मोठी घट मोलाची ठरते. ब्रिटनमध्ये रॉय टेलर आणि माइक लीन यांनी अशा रुग्णांना तीन ते पाच महिने रोज सुमारे साडेआठशे कॅलरींच्या द्रव आहारावर ठेवलं, मग हळूहळू जेवणावर आणलं. वर्षाअखेरीस ४६ टक्के लोक औषधाविना मधुमेहमुक्त होते. पंधरा किलो किंवा जास्त उतरवणाऱ्यांत तर ८६ टक्के. पण हा डॉक्टरच्या देखरेखीखालचा उपचार होता, आणि जेवणावर परतण्याच्या काळात महिनोन्‌महिने सोबत देणारं माणूस होतं. शेजारणीने दिलेली पावडर आणि हे, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

खायचं काय, यावरून आपल्याकडे घरोघरी वाद झाले. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारावर डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी उभी केलेली, दिवसातून दोनदाच आणि प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत जेवण्याची पद्धत गावोगाव पोचली. ऋजुता दिवेकर यांच्या पुस्तकांनी दर दोन तासांनी थोडं थोडं खाण्याचा सल्ला तितक्याच घरांत नेला. एकाच सोफ्यावर सासू एका पक्षात आणि सून दुसऱ्या, असं चित्र मी स्वतः पाहिलं आहे. संशोधनाने यात कुणाला विजयी ठरवलेलं नाही. स्टॅनफर्डच्या ख्रिस्टोफर गार्डनर यांनी २०१८ मध्ये सहाशेवर माणसांत कमी चरबीचा आणि कमी पिष्टाचा आहार वर्षभर तोलून पाहिला: एका गटाचे ५.३ किलो उतरले, दुसऱ्याचे ६. म्हणण्यासारखा फरक नाही. २०२२ मध्ये चीनच्या ग्वांगझूमधून आलेल्या अभ्यासात तेवढ्याच कॅलरी सकाळी आठ ते दुपारी चार या वेळेतच खाणाऱ्यांचं वजन, दिवसभरात केव्हाही खाणाऱ्यांपेक्षा जास्त उतरलं नाही. म्हणजे घड्याळात जादू नाही. दुपारच्या चहाबरोबर बिस्किटं, सात वाजता फरसाण, टीव्हीसमोर शेंगदाणे असं ज्याचं चालतं, त्याला दोन जेवणांचा नियम मोठाच आधार देतो, कारण मधलं सगळं गळून जातं. ज्याला उपाशी राहिलं की रात्री दुप्पट खावंसं वाटतं, त्याला तो नियम छळतो. जी पद्धत पुढच्या वर्षी दिवाळीतही चालू राहील ती आपली. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र जेवणांची संख्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नये. साखर एकदम खाली जाऊन माणूस कोसळतो.

पद्धत कुठलीही असो, आपल्या ताटात दोन-तीन गोष्टी नक्की बिघडल्या आहेत. आयसीएमआरच्याच २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेतला ६२ टक्के वाटा पिष्टमय पदार्थांचा आणि जेमतेम १२ टक्के प्रथिनांचा असतो. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भात, संध्याकाळी चहा-खारी, रात्री पुन्हा पोळी-भात. आमटीत डाळ तळाशी आणि वर पाणी. पोळी सोडायची गरज नाही. दोन पोळ्या कमी करून त्या जागी वाटीभर घट्ट उसळ, दही, अंडं, मासा किंवा पनीर आलं, की भूक लांबते आणि स्नायूही टिकतात. उपवासाचा दिवस तर खास विचार करण्यासारखा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात दाण्याचं कूट, तूप, वर बटाटा. एकादशी सोडून बाकी दिवस नेमाने खाणारी माणसं त्या एका दिवशी पुष्कळदा नेहमीपेक्षा जास्त कॅलरी घेतात.

तेलाचा हिशेब मी मावशीच्या स्वयंपाकघरात बसून केला. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शनाप्रमाणे दोन हजार कॅलरींच्या आहारात तेल-तुपाचा वाटा माणशी २७ ग्रॅमच्या आसपास असावा. तिच्या घरात तीन माणसं आणि पाच लिटरचा डबा बरोबर महिन्यात संपतो. पाच लिटर म्हणजे साधारण ४६०० ग्रॅम, भागिले तीन माणसं, भागिले तीस दिवस: ५१ ग्रॅम. जवळजवळ दुप्पट. माणशी रोजच्या दोनशेवर कॅलरी अशा, ज्यांची जिभेला दखलही नव्हती. तिचं तेल बुधलीतून धारेने पडायचं. आता फोडणीसाठी डब्यात एक चमचा असतो, आणि महिन्याच्या पहिल्या तारखेला मापून काढलेलं तेल महिनाभर पुरवायचं असा नेम आहे. आमटीची चव बदलली का, असं तिने आठवडाभर सगळ्यांना विचारलं. कुणालाच कळलं नव्हतं.

पाकीटबंद खाण्याबद्दल एकच प्रयोग सांगतो, कारण तो फार नीट केलेला आहे. तेच केव्हिन हॉल, २०१९. २० माणसांना महिनाभर संशोधन संस्थेत ठेवलं, दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं खाणं आणि दोन आठवडे घरगुती धाटणीचं. दोन्हीकडे वाढलेल्या कॅलरी, साखर, चरबी, मीठ सारखंच. हवं तेवढं खा. कारखान्याच्या खाण्यावर माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. मऊ, पटकन गिळता येणारं अन्न पोट भरल्याचा निरोप मेंदूत पोचायच्या आत संपतं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या २१ व्या अध्यायात स्थूल माणसासाठी पचायला जड पण पोषणाला हलकं असं अन्न सांगितलं आहे: जव, मूग, कुळीथ. आजच्या भाषेत चोथ्याचं, सावकाश पचणारं. भाकरीबरोबर कुळथाचं पिठलं खाणाऱ्या कोकणातल्या आजीला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

व्यायामाबद्दल खरं ते सांगायला हवं. नुसत्या चालण्याने वजन फार उतरत नाही. पाऊण तास चालून एक वडापावही पुरता भरून निघत नाही. व्यायामाचं मोल दुसऱ्या वर्षी कळतं. अमेरिकेत १९९४ पासून एक नोंदवही ठेवली जाते: किमान साडेतेरा किलो उतरवून वर्षाहून अधिक टिकवलेल्या माणसांची. त्यांच्या आहारपद्धती नाना प्रकारच्या आहेत, पण रोज तासभराच्या आसपास हालचाल, बहुतेकांची चालण्याची, ही जवळजवळ सगळ्यांत आढळते. आणि नियमित काट्यावर उभं राहणं. आपल्यासाठी त्यात एक भर घालावी लागेल, ती स्नायूंच्या व्यायामाची. जन्मतःच स्नायूंनी गरीब असलेल्या माणसांनी नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं तर असलेले स्नायूही जातात, आणि वजन परत येतं ते मात्र चरबी होऊन. खुर्चीवरून हात न टेकता वीसदा उठा, दोन लिटरच्या पाण्याच्या बाटल्या उचला, भिंतीला टेकून जोर काढा. मावशीने वयाच्या ५८ व्या वर्षी हे सुरू केलं.

डॉक्टरकडे जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी न्यावी. स्टेरॉइड, काही मानसिक आजारांवरची आणि फिटची औषधं, इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या यांनी वजन वाढतं. पुष्कळदा त्यांना पर्याय असतो. स्वतःच्या मनाने मात्र त्या बंद करायच्या नाहीत. थायरॉइडला आपल्याकडे फार दोष दिला जातो. त्याने सहसा थोडेच किलो वाढतात. मोठ्याने घोरणं आणि दिवसा पेंग येणं यांकडे कुणी लक्ष देत नाही, आणि तिथेच झोपेत श्वास अडकण्याचा आजार लपलेला असतो.

खाणं आणि हालचाल मनापासून सांभाळूनही अनेकांचं वजन धोक्याच्या पातळीखाली येत नाही. लेप्टिन-घ्रेलिनची कथा ऐकल्यावर त्याचं नवल वाटू नये. अशांसाठी औषधं आहेत, आणि या क्षेत्राचा पूर्वेतिहास चांगला नाही, हे आधीच सांगतो. फेनफ्लुरामिनने हृदयाच्या झडपा बिघडल्या, १९९७ मध्ये ते मागे घेतलं गेलं. रिमोनाबँटने नैराश्य आणि आत्महत्येचे विचार येऊ लागले. सिबुट्रामिनने हृदयविकार वाढला. त्यावर भारतात २०११ मध्ये बंदी आली.

आताची औषधं वेगळ्या वाटेने आली. जेवल्यावर आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते इन्सुलिनला चालना देतं, जठर सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला सांगतं, पुरे. पण ते रक्तात दोनेक मिनिटांतच मोडून जातं, त्यामुळे औषध म्हणून निरुपयोगी. १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात जॉन एंग यांना गिला मॉन्स्टर या वाळवंटातल्या विषारी सरड्याच्या लाळेत त्याच्यासारखंच, पण टिकाऊ द्रव्य सापडलं. त्यातून २००५ मध्ये या जातीचं मधुमेहावरचं पहिलं इंजेक्शन आलं, आणि त्याच विचाराची पुढची पिढी म्हणजे आठवड्यातून एकदा घ्यायचं सेमाग्लुटाइड. २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरलं. नुसत्या सल्ल्यावर असलेल्यांचं २.४. दोन संप्रेरकांची नक्कल करणाऱ्या टिर्झेपाटाइडच्या सर्वांत मोठ्या मात्रेने ७२ आठवड्यांत २०.९ टक्के. हृदयविकार असलेल्या १७,६०४ लठ्ठ माणसांत सेमाग्लुटाइडने झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटवलं. टिर्झेपाटाइड मौंजारो या नावाने मार्च २०२५ मध्ये आणि सेमाग्लुटाइड वेगोवी या नावाने जून २०२५ मध्ये भारतात विक्रीला आलं.

हे औषध घेणारी माणसं एक गोष्ट हमखास सांगतात: डोक्यातली खाण्याची कुणकुण थांबली. फ्रिजमध्ये काय उरलंय, चारला काय खायचं, हा दिवसभराचा घोष शांत झाला. ज्यांना ती कुणकुण कधीच नव्हती त्यांनी इतरांना जिद्दीचे धडे देण्याआधी यावर विचार करावा, असं मला फार वाटतं.

पण दुसरं वर्ष? सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश परत आलं. औषध चालू ठेवलं तरच परिणाम टिकतो, बहुधा वर्षानुवर्षं. म्हणून सुरू करण्याआधी घरात खर्चाचा हिशेब मांडावा. मळमळ, उलट्या, बद्धकोष्ठ हे त्रास नेहमीचे, म्हणून मात्रा महिन्यामहिन्याने वाढवतात. क्वचित पित्ताचे खडे आणि स्वादुपिंडाला सूज. थायरॉइडच्या मेड्युलरी जातीच्या कर्करोगाचा घरात इतिहास असेल तर ही औषधं घेत नाहीत, गरोदरपणात आणि त्याच्या तयारीतही नाही. घटलेल्या वजनातला चौथा हिस्सा किंवा त्याहून जास्त भाग चरबीखेरीजचा असतो. याज्ञिकांच्या फोटोतल्या आपल्यासारख्यांना ही खरी काळजी. भूक मेल्यावर माणूस चहा-बिस्किटावर दिवस काढतो आणि मांड्यांतलं बळ जातं. इंजेक्शनबरोबर प्रथिनं आणि व्यायाम लिहून न देणारा डॉक्टर अर्धाच उपचार करतो. आणि लग्नाच्या हॉलमध्ये सडपातळ दिसायचं म्हणून, ब्युटी पार्लरच्या ओळखीतून, चिठ्ठीविना हे टोचून घेणं निव्वळ धोक्याचं आहे.

शस्त्रक्रियेचं नाव काढलं की लोक घाबरतात, पण दुसऱ्या वर्षाच्याच काय, दहाव्या-विसाव्या वर्षाच्या कसोटीवर सर्वांत चांगली उतरलेली तीच आहे. स्वीडनमध्ये १९८७ पासून सुमारे चार हजार लठ्ठ माणसांचा पाठपुरावा चालला, निम्म्यांची शस्त्रक्रिया झाली होती. सरासरी अकरा वर्षांनी पाहिलं, तर त्या गटात मृत्यूचं प्रमाण २९ टक्क्यांनी कमी होतं. आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीनचतुर्थांश भाग काढून केळ्यासारखी नळी ठेवतात. पोट लहान होतं हे खरंच, शिवाय घ्रेलिन बनवणारा भागही निघून जातो, त्यामुळे भूकच बदलते. आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये आशियाई लोकांसाठी २७.५ बीएमआयपासून तिचा विचार करावा असं सुचवलं. आपल्याकडे बहुतेक सर्जन त्याहून वरच्या वजनाला, मधुमेहासारखा जोडआजार पाहूनच, हात लावतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि रक्ततपासण्या जन्मभर. शाकाहारी माणसाने बी-१२ कडे तर दुप्पट लक्ष द्यायला हवं.

मावशीला शेवटी ज्या डॉक्टरबाई भेटल्या त्यांनी पहिल्या भेटीत काट्याआधी टेप काढली. घेर ९८ निघाला. इंजेक्शनांबद्दल त्यांनी सगळं सांगितलं, खर्चासकट. मावशीने आधी तेलाचा डबा आवरून आणि बाटल्या उचलून पाहते म्हटलं, आणि त्यांनी सहा महिन्यांची मुदत दिली. फ्रिजवरचा ५५ चा कागद काढून त्यावर ७१ लिहिलं. तिथे पोचायला तिला चौदा महिने लागले. तक्त्यावर ती अजूनही लठ्ठच आहे. घेर ८९ वर आलाय, रक्तदाबाची एक गोळी कमी झालीय, जिना चढताना मधल्या मजल्यावर थांबावं लागत नाही. दर रविवारी सकाळी ती काट्यावर उभी राहते आणि कॅलेंडरच्या चौकटीत आकडा लिहिते. गेल्या दिवाळीत तो ७३ झाला होता, होळीपर्यंत पुन्हा ७१.

हे सुरू केल्याला या वर्षी अडीच वर्षं पूर्ण होतील. परवा ती भाचीच्या मुलाच्या मुंजीसाठी ब्लाउज टाकायला गेली. टेलरने मापं घेतली, वहीतल्या जुन्या आकड्यांवर रेघ मारली आणि विचारलं, “ताई, आता माया कमी ठेवू का?”

“नको,” ती म्हणाली. “नेहमीएवढीच ठेव.”